गव्हामागचा नंबर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत बसले होते. म्हणाले, "बाई, दिवाळी अंकासाठी तुमच्या बिस्किटांच्या दिवसांवर काहीतरी हलकंफुलकं लिहा. भोपळ्याचे पदार्थ, पथ्याचे पदार्थ. हल्ली वाचकांना फार आवडतं ते." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि मग माझं डोकं तापलं. हल्ली आवडतं म्हणे! हल्ली बिनगव्हाचा पाव रंगीत कागदात गुंडाळून विकतात आणि लोक तो हौसेनं खातात. मी अहेरीत ही कामं करत होते तेव्हा पथ्य म्हणजे घरातल्या एका माणसाला दिलेली शिक्षा होती, आणि तो ती नीट भोगतो की नाही यावर बाकीचं घर पहारा ठेवायचं. हलकंफुलकं मला जमणार नाही. चिडूनच लिहिते आहे.

ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास माझे मिस्टर गडचिरोलीकडच्या अहेरीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि आम्ही तिथे बिऱ्हाड केलं. पाव चंद्रपूरहून बसच्या टपावर यायचा. सामानाखाली दबून तो असा चपटा व्हायचा की त्याला पाव म्हणायला जीभ वळत नसे. चंद्रपूरला असताना मी बायकांच्या एका शिबिरात बिस्किटं करायला शिकले होते. भट्टी नव्हती, ती घरीच केली. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आडवा ठेवून मातीनं लिंपला, खाली चूल, वर निखाऱ्यांचा थर, आत बोटभर वाळू. जळणाला आरा मशीनवरच्या सागाच्या ढलप्या. भट्टी किती तापली हे बघायला यंत्रबिंत्र काही नाही. चिमूटभर पीठ आत पत्र्यावर टाकायचं आणि आकडे मोजायचे. विसापर्यंत तांबूस झालं तर बिस्किटं आत सारायची, दहातच काळं पडलं तर दार उघडून गप बसायचं. या डब्याच्या जोरावर मी नऊ वर्षं अहेरीला बिस्किटं, नानकटाई आणि वाढदिवसाचे केक पुरवले.

कोहळं या कामात आलं ते अंड्यामुळे. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याला आम्ही कोहळं म्हणतो. एका कापडवाल्या शेठजींना मुलाच्या वाढदिवसाला केक हवा होता, पण अंडं नको, आणि ज्या भांड्यात कधी अंडं फुटलं असेल ते भांडंही नको. मी नवं पातेलं आणलं आणि अंड्याऐवजी वाफवलेल्या कोहळ्याचा गर घातला. केक फुगला, मऊ झाला. शेठजींनी खाल्ला आणि बायकोला विचारलं, "अंडं नक्की नाही ना? मग इतका चांगला कसा झाला?" ही शाबासकी होती की संशय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग कोहळ्यानं मला वेडच लावलं. जून कोहळं घ्यायचं, ज्याच्या पाठीत नख रुतत नाही असं. फोडी वाफवायच्या, फडक्यात बांधून पाणी गळेस्तोवर टांगायच्या. उरतो तो गर गोड असतो, म्हणून साखर अर्ध्यावर येते. चिकट असतो, म्हणून कोरडं पीठ धरून ठेवतो, असं मी सगळ्यांना छाती पुढे काढून सांगायची. साखरेचा आजार असलेल्या एका निवृत्त मास्तरांसाठी मी बिनसाखरेची बिस्किटं केली. आठवड्याचा डबा त्यांनी दुसऱ्याच दिवशी रिकामा आणला. म्हणाले, "साखरच नाई ना यात, मंग मोजून काऊन खावं?" अशा माणसाशी काय बोलायचं! पुढे पायाची जखम चिघळून ते नागपूरला भरती झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी गावभर सांगितलं की बाईच्या बिस्किटांनी झालं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या फार डोक्यात जायची. आमच्या भागात अख्खं कोहळं बाई कापत नाही. कोहळं म्हणजे घरचा मोठा लेक, त्याच्यावर पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं पुढचं चिरायचं. घरात पुरुष नसेल तर कोहळं आढ्याला टांगलेलं राहतं आणि बाई मिरचीशी भाकर खाते. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर असलं सगळं आमच्या घराबाहेर गेलं. मी अंगणात बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, कोहळ्यावर कोयता घालायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. मला त्याचा अभिमान होता, आणि हा अभिमानच मला पुढे आंधळं करणार होता.

आमच्या गल्लीत एका सरकारी कार्यालयातले बाबू बदलून आले. वरोऱ्याकडचे शेतकरी घरातले, घरात आई, बायको कुंदा आणि पाच वर्षांची मुलगी वैशू. वैशूचे हातपाय काडीसारखे, पोट घागरीएवढं, दिवसातून सात-आठ वेळा जुलाब. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला गहू सोसत नाही, जन्मभर सोसणार नाही. पोळी बंद, रवा, मैदा, शेवया, दुकानातली बिस्किटं बंद. या आजाराला सिलिॲक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही त्याला गव्हाचा आजार म्हणत होतो.

तुम्ही म्हणाल, गडचिरोलीच्या भाताच्या मुलखात यात अवघड काय? पोरीला भात द्यायचा. पण कुंदाच्या सासूबाईंना तेच खुपत होतं. "आमी पोळी खानारे लोक हाव बाई. पोरगी काय जंगलातल्या लोकांवानी तीन टाइम भातच खाईन?" असं त्या मला, तीन वेळा भात खाणारीला, तोंडावर म्हणाल्या. शिवाय वैशूला बिस्किटाची चटक होती. शेजारच्या पोराच्या हातात बिस्किट दिसलं की ती रडून घर डोक्यावर घ्यायची. म्हणून कुंदा माझ्याकडे आली. हळू आवाजात म्हणाली, "बाई, गव्हाशिवाय बिस्किट होते का जी?"

न व्हायला काय झालं! तांदळाचं पीठ, कोहळ्याचा गर, तीळ, गूळ, थोडं तूप. पहिल्याच घाण्यात बिस्किटं अशी सुरेख जमली की मी ती खिडकीत मांडून ठेवली. नुसत्या तांदळाच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्याची बिस्किटं भुसभुशीत होऊन मोडतात, पण माझी मोडत नव्हती. सगळी कोहळ्याची करामत, असं मी ज्याला त्याला ऐकवलं. वैशू तर बिस्किट हातात घेऊन गल्लीभर दाखवत फिरली. तिच्या आजीनं डबा रोज नेला. माझ्या घरचा चहा मात्र त्यांनी एकदाही घेतला नाही. बिस्किट चालायचं, कारण ते औषध होतं.

चार महिने झाले, पोरीचं पोट तसंच. जुलाब तसेच. एक दिवस सासूबाई रिकामा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी कोहळ्यावर पहिला घाव सोता घालता. मोठ्या लेकाची मान कापल्यावानी हाय ते. त्याचंच लागून राह्यलं पोरीले."

माझ्या अंगाची आग झाली. चार महिने भट्टीसमोर होरपळते मी, आणि दोष माझ्या कोयत्याचा! मी त्यांच्या हातातला डबा तिथेच ठेवला आणि तडक त्यांच्या घरी गेले, त्या मागोमाग. स्वयंपाकघरात कुंदा पोळ्या लाटत होती, मनगटापर्यंत पीठ, आणि वैशू तिच्या मांडीला चिकटून बसलेली. मला पुरावा मिळाला. मी काही विचारलं नाही, सरळ सांगितलंच.

"पोरीले पोळी तूच देऊन राह्यली, कुंदा. माया आली की तुकडा तोडून घालते तिच्या तोंडात. तुझ्या मायेनंच मरून राह्यली पोरगी."

लाटणं तिच्या हातातून सुटलं. "नाई जी बाई. पोरीची शपथ. घास काय, मी हात धुतल्याबिगर तिले शिवत नाई."

"मंग माझ्या बिस्किटात खोट हाय का? चार महिने काय मी माती खाऊ घालून राह्यली तिले?"

हे मी तिच्या सासूसमोर बोलले, आणि तिचा नवरा बाहेर खाटेवर बसून ऐकत होता. मला वाटलं, बरं झालं, कोयत्याचं खूळ तरी सासूच्या डोक्यातून गेलं. ते गेलंच. त्याच्या जागी मी दुसरं घालून दिलं होतं. चौथ्या दिवशी नवरा कुंदाला तिच्या माहेरी, वरोऱ्याजवळच्या खेड्यात, सोडून आला. पोरगी इकडेच ठेवली, कारण तिचं औषध, म्हणजे माझी बिस्किटं, अहेरीत होतं. बसमध्ये चढताना कुंदाचा हात वैशूच्या हातातून सोडवायला दोघं लागली, असं गल्लीतल्या बायकांनी सांगितलं. मला वाईट वाटलं. पण पोरीच्या जिवासाठी आईनं दूर राहावं, इतकं कठोर व्हावंच लागतं, असं मी स्वतःला समजावलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गावातल्या चक्कीची मोटर जळली. ती दुरुस्तीला चंद्रपूरला गेली आणि तीन आठवडे तिकडेच पडली. मी माळ्यावरचं माझ्या सासूबाईंचं जातं खाली काढलं. त्या जात्यात तांदूळ, डाळ, क्वचित ज्वारी एवढंच दळलं जायचं. गहू आमच्याकडे सणालाही विकतच्या पिठाचा असे. हाताला फोड येईस्तोवर दळलं आणि बिस्किटं केली, तर ती उचलली की हातात भुगा. कोहळं बदललं, गर कमी पिळला, जास्त पिळला, तूप वाढवलं. भुगा तो भुगाच. मी कोहळ्याला शिव्या घातल्या, बाजारातल्या बाईला शिव्या घातल्या, आणि शेवटी वाटीत भुगा भरून पाठवला, चमच्यानं खाऊ घाला म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात सासूबाई हसत आल्या. "पोट उतरलं बाई पोरीचं. काल मागून मागून जेवली. सून गेली आन् पोरगी सुधरली. तुमी बरोबर बोलल्या होत्या."

लाज वाटते सांगायला, पण मी खूष झाले. अगदी पोट भरून खूष झाले. त्यांनी पुढचंही सांगितलं, की पोराला आता ती बायको नकोच आहे, बोलणी चालू आहेत, सोडचिठ्ठी करून टाकू. तेव्हाही मी "असं कसं, थांबा थोडं" एवढंच म्हटलं. माझं बोलणं खरं ठरलं होतं ना. खरं ठरलेल्या माणसाला दुसऱ्याचं घर मोडताना ऐकू येत नाही.

मोटर आली, चक्की सुरू झाली. मी जातं पुन्हा माळ्यावर टाकलं आणि चक्कीवरून पीठ आणलं. बिस्किटं पहिल्यासारखी घट्ट, देखणी, कडा शाबूत. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि पंधरा दिवसांत वैशू पुन्हा आडवी झाली. तेच पोट, तेच जुलाब.

आता तर कुंदा घरात नव्हती. सासूबाई भेदरून गेल्या होत्या, त्या पोरीला गव्हाच्या डब्याजवळ फिरकू देत नव्हत्या. मग गहू येतो कुठून? मी ताटात दोन बिस्किटं ठेवून बसले. एक त्या दिवशीचं, घट्ट. दुसरं जात्याच्या पिठाचं, डब्याच्या तळाशी उरलेलं, अर्धं मोडलेलं. कोहळं तेच, तूप तेच, भट्टी तीच. फरक फक्त पीठ कुठे दळलं याचा. माझ्या हातांना ते डोक्याच्या आधी कळलं. मी उठले आणि चप्पल न घालता चक्कीवर गेले.

ज्यांनी गावची चक्की पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एकाचं दळण संपलं तरी त्याचं थोडं पीठ दगडांच्या फटीत आणि खालच्या कापडी नळ्यात अडकून राहतं. पुढचा दाणा पडला की ते आधी खाली येतं. म्हणून आमच्याकडे तांदूळ दळायला आलेल्या बायका ताटकळत थांबायच्या, कोणी गहू घेऊन आलं की त्याच्या मागे नंबर लावायच्या. पहिलं वाटीभर पीठ गव्हाचं फुकट मिळायचं, आणि त्यानं भाकरीही थापायला बरी होते. याला सगळ्या गव्हामागचा नंबर म्हणायच्या. त्यात चोरी कोणाला वाटत नव्हती.

मी चक्कीवाल्याला म्हटलं, "भाऊ, माझे तांदूळ तू गव्हाच्या मांगून दळते का?"

तो बिचारा चकित झाला. "मंग! पहिल्या दिवशी तुमीच तर सांगतल्या होत्या ना बाई. बिस्किटं मोडते म्हनून माझा नंबर गव्हाच्या मांगं लावत जा म्हनून. मी आजवर एक दिवस नाई चुकवला."

खरं होतं. अहेरीत आले त्या वर्षी, तांदळाच्या नानकटाईसाठी, मी स्वतःच त्याला ते सांगितलं होतं. नंतर विसरले. तो विसरला नव्हता. चार महिने मी त्या पोरीला रोज माझ्या हातानं गहू चारला होता, कोहळ्याचं कौतुक सांगत सांगत. आणि तिच्या आईला मी चोर ठरवून घराबाहेर काढलं होतं. सासूचं कोयत्याचं खूळ चुकीचं होतं, हे मला इतकं ठाऊक होतं की माझं काहीच चुकत नसणार असं मी धरून चालले. अडाणी समजुतीवर डाफरणाऱ्या माणसाचीही एक समजूत असते, की आपण शहाणे आहोत. माझी ती होती.

संध्याकाळी जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं. आता गावात बोभाटा नोका करू. जात्याचं पीठ घ्या, पोरगी सुधरन. सुनेचं राहू द्या तिकडं, ते आता पुढं गेलं." नवरा दारात उभा होता. त्याला मी म्हटलं, "भाऊ, तुमी जाता आनाले का मी जाऊ?" त्यानं मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा राग माझ्या मनातून आजवर गेलेला नाही. मीच गेले. चंद्रपूरला बस बदलली, वरोऱ्याला उतरले आणि बैलगाडीनं दुपारी तिच्या माहेरी पोचले.

कुंदा अंगणात जळणासाठी कपाशीच्या वाळक्या काटक्या, पऱ्हाट्या, मोडत होती. निम्मी झाली होती. मी पाणीही न घेता उभ्यानंच सगळं सांगितलं. चक्की, नंबर, जातं, सगळं. मला वाटलं होतं, ती हातातली काठी माझ्या टाळक्यात घालेल. घालायला हवी होती.

ती म्हणाली, "म्हंजे मी नाई देल्ली ना, बाई?"

मला आधी समजलंच नाही. ती पुढे बोलत राहिली, माझ्याकडे न बघता. "तुमी इतक्या खात्रीनं सांगतलं. तुमी शिकल्या-सवरल्या. मले वाटे, मी झोपेत उठून पोरीले पोळी चारत असीन, आन् सकाळी मले आठवत नसन. इथी मी पदर खाटेच्या पायाले बांधून झोपून राह्यली. उठली तर समजन म्हनून."

तिची आई ओट्यावर तोंड झाकून रडायला लागली. मला रडूही आलं नाही. मला फक्त स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आले. बसमधून उतरल्यावर तिच्या घरासमोर, गल्लीतल्या बायका जमेपर्यंत थांबले आणि मोठ्यानं सांगितलं की पोरीला गहू मी चारत होते, हिनं नाही. वैशू आतून धावत आली आणि आईच्या साडीत शिरली. सोडचिठ्ठीचं बोलणं त्यानंतर पुन्हा निघालं नाही. कुंदा मला त्या दिवसानंतर एकही शब्द लागेलसा बोलली नाही. फक्त म्हणाली, "सांगा कसं करतात ते. पीठ मी दळीन." जातं मी तिला देऊन टाकलं. बिस्किटं मोडायची थांबली तीही तिच्याच युक्तीनं. जवस कुटून कोमट पाण्यात भिजवायचे, ते चिकट झाले की कोहळ्याच्या गरात मिसळायचे. त्यानं तांदळाचं पीठ खरोखर धरतं. मी नंतर अनेक ठिकाणी ही कृती शिकवली आणि लोकांनी ती माझी म्हणून वहीत उतरवून घेतली. ती कुंदाची आहे.

दोन वर्षांनी बाबूंची बदली झाली. वैशू तोवर दणकट झाली होती, शाळेत धावण्यात पहिली यायची. सामान ट्रकवर चढलं. कुंदा निरोप घ्यायला आली, पाया पडायला वाकली, मी तिला धरलं. तेव्हा तिनं माझ्या कानाशी येऊन, दोन वर्षांनी, धडधाकट पोरगी समोर खेळत असताना विचारलं, "बाई, एक खरं सांगा. माझं मन राखासाठी तर नाई ना सांगतलं तुमी? मी नाई देल्ली होती ना?"

नाही गं, म्हटलं. ट्रक सुरू झाला होता, तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पुढे पत्ता राहिला नाही. हा अंक कुठे कुठे जातो म्हणतात, म्हणून हे इथे छापून सांगते. कुंदा, तू दिली नव्हतीस. एकदाही नाही, झोपेतही नाही. गहू मी दिला.